सोडाबाई

सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला आणि तिचा तेवढा छातीत राहिला.

चटयांवर मुलंमुली उताणी पडली होती. उभ्या पिकावरून वारा उतरत जावा तसा तो उच्छ्वास या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला आणि खिडकीजवळच्या तिच्या चटईपाशी येऊन अडला. डोळे मिटलेले, तळवे आभाळाकडे, पाय सैल. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी अगदी विरघळून गेली आहे. फक्त गळ्याखालचा खळगा ताठ होता. मुठी वळायची सोय नव्हती, म्हणून पायांची बोटं आत वळली होती.

"सोडा," बाई म्हणाल्या. "श्वास सोडा, खांदे सोडा, कपाळ सोडा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचं नाव पहिल्याच आठवड्यात सोडाबाई पडलं होतं. त्या जिना चढताना दिसल्या की मुलं एकमेकांना विचारायची, आज साधा की लिंबू घालून? बाईंच्या कानावर ते गेलं होतं. बुचं उघडायलाच येते मी, असं त्या एकदा सहज बोलून गेल्या आणि तेव्हापासून त्या चेष्टेत माया आली होती.

मागच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात पडताच एक मुलगा बाकावरून कोसळला होता. त्यानंतर कॉलेजने हा सकाळचा वर्ग काढला. आधी जांभया देत येणारी मुलं हळूहळू आपणहून यायला लागली. तोंडी परीक्षेआधी हमखास उलटी करणारी तिची मैत्रीण आता डबा संपवून परीक्षेला जायची आणि भेटेल त्याला सांगत सुटायची, की काही नाही गं, नुसतं श्वासाकडे बघत राहायचं, बाकीचं आपोआप होतं. ते खोटं नव्हतं. हॉलमधून बाहेर पडणारे चेहरे खरंच पाण्याने धुतल्यासारखे दिसायचे.

तिलाच ते बाधत होतं. वर्गाला यायला लागल्यापासून अभ्यासही होईनासा झाला होता. पुस्तक उघडलं की ओळी पाण्यातल्यासारख्या हलायच्या.

"आता सावकाश उजव्या कुशीवर वळा," बाई म्हणाल्या. "घाई करू नका. उठायला आख्खा दिवस आहे."

ती वळली आणि गाल चटईबाहेर फरशीला टेकला. गार होती फरशी, आणि आरशासारखी. तिच्या बाबांनी घासलेली.

गावातल्या कितीतरी फरश्या बाबांनी घासल्या होत्या. जड मशीन दोन्ही हातांनी धरून, कमरेत झुलत, पांढऱ्या धुळीत ते दिवसभर एक लय धरून असायचे. मशीनच्या घरघरीवर त्यांचं स्वतःचं गाणंही होतं:

घास घास रे दगडा, तोंड दिसू दे धन्याला,
धूळ बसली तोंडाला, ओळखेना लेक मला.

ती लहानपणी जेवण पोचवायला जायची तेव्हा खरंच ओळखायची नाही, आणि ते हसत सुटायचे. काम संपलं की ते गुडघ्यांवर बसायचे, तोंड फरशीजवळ न्यायचे आणि हाऽऽ करून वाफ सोडायचे. "फरशी वाफ धरून बसली तर काम कच्चं," ते सांगायचे. "लगेच सोडली तर पक्कं. दगडाला सोडता आलं पाहिजे."

ती धूळ आता बाबांच्या छातीत जाऊन बसली होती. गेल्या वर्षापासून ते खाटेवर होते, नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. तिचं अभ्यासाचं टेबल त्याच खोलीत. ती येऊन बसली की बाबा दोन तुकड्यांत म्हणायचे, "आले का... वॉचमनसाहेब?" मग डोळे मिटायचे. ते श्वास घ्यायचे. मधे काहीच नसायचं. पुस्तकावरची तिची नजर तिथेच थांबायची, आणि त्यांनी सोडला की मगच ती सोडायची. आई दुकानात कपडे शिवून आलेली, ती म्हणायची, झोप गं जरा, मी आहे ना. ती हो म्हणायची आणि अंधारात डोळे उघडे ठेवून ऐकत राहायची. आपलं लक्ष ढळलं आणि त्या मधल्या जागेत ते तसेच राहिले तर? हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर वेडेपणा ठरला असता, आणि न सांगता ते खरं होतं.

चटया गुंडाळून मुलं गेली. बाईंनी तिला थांबायची खूण केली.

"तू घेतेस. सोडत नाहीस," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस बघतेय मी."

तिने चटईची गुंडाळी छातीशी धरली. उद्यापासून येत नाही म्हणाली. त्या खाली बसल्या, पाय पसरून, दमल्या बाईसारख्या, आणि शेजारची फरशी हाताने थोपटली. तीही बसली.

"श्वासाकडे लक्ष द्या म्हणता ना तुम्ही," ती म्हणाली. "मी तेवढंच करते, बाई. दिवसरात्र तेच करते. माझ्या नाही, बाबांच्या. इथे पडले की मी त्यांच्या सोडण्याची वाट बघते, आणि इथे ते ऐकू येत नाही."

मग बाकीचं सगळं आलं. मशीन, नळी, मधली जागा. सांगताना ती रडली नाही. दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तसं सांगत गेली. बाई ऐकत होत्या. मधेच त्यांचा हात ओठांशी गेला आणि तिथेच राहिला. आजवर त्यांनी किती वर्गांना श्वासाकडे लक्ष द्या, हेच वाक्य सांगितलं असेल.

"आत्ता घरी कोण आहे?"

"आई. ती दुपारी जाते दुकानात."

"मग तिथलं तिला बघू दे. आज मी वर्ग घेत नाही तुझा. चटई पसर. तुझा श्वास मी बघते. तू कुणाचाच बघायचा नाहीस."

तिने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि जांभई आली. जांभईची तिलाच लाज वाटली.

वर्गाचा नियम असा, की फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवायचे. ती मात्र आजवर आपला चटईखाली, पाठीला लागेल असा ठेवत आली होती. आता तिने तो काढला आणि बाईंच्या हातात दिला.

"वाजला तर उठवाल ना?"

"उठवीन."

ती आडवी झाली. बाईंनी आपली ओढणी काढून तिच्या पायांवर टाकली. खिडकीतलं ऊन तिच्या कोपरापाशी आलं होतं. बाई काही बोलत नव्हत्या. आत घ्या नाही, सोडा नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी बाक सरकवत होतं. तो आवाज थोडा मशीनसारखा होता, घरघर करणारा, आणि पांढऱ्या धुळीतून कुणीतरी हसत हसत तिला विचारत होतं, ओळखलंस का?

जाग आली तेव्हा ऊन तिला ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चढलं होतं. खाली बाकांचा आवाज नव्हता. तोंडातून लाळ गळून गालावर वाळली होती. इतकी गाढ ती किती दिवसांत झोपली नव्हती. अंग जड होतं आणि गोड होतं, आणि क्षणभर तिला काहीच आठवलं नाही.

बाई तिथेच बसल्या होत्या, तशाच. फोन त्यांच्या मांडीवर होता, पालथा. पायांवरची ओढणी आता फोनभोवती गुंडाळलेली होती.

"वाजला होता?" तिने विचारलं.

"हो. मी उठवणारच होते तुला." बाईंचा आवाज बसला होता. "आई विचारत होत्या, खरंच झोपलीय का ती? मी म्हटलं, हो, गाढ. मग म्हणाल्या, नका उठवू. पोटभर झोपू दे."

ती बाईंकडे बघत राहिली. आईची सवय तिला माहीत होती. बाबांचा नुसता खोकला वाढला तरी आई जिन्यातून हाक मारायची. नळी सरकली तरी हाक मारायची. हाक मारण्यासारखं काही उरलं असतं, तर आई नका उठवू म्हणाली नसती.

तिची नजर बाईंच्या गळ्याखाली गेली. तिथला खळगा ताठ होता. ज्या बाई आयुष्यभर सगळ्यांना सोडा, सोडा म्हणत आल्या, त्यांनी घेतलेला श्वास अजून सोडला नव्हता.

ती उठायला लागली, कोपर टेकलं, तशी बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उजव्या कुशीवर वळ आधी," त्या म्हणाल्या. "सावकाश. आता घाई नाही."

ती वळली. गाल फरशीला टेकला. फरशी अजून सकाळइतकीच गार होती आणि तिच्यात खिडकी दिसत होती, खिडकीतलं आभाळ दिसत होतं. छातीत इतके दिवस अडलेलं काहीतरी हलकेच वर सरकलं आणि तोंडातून बाहेर पडलं, लांब, थरथरत. फरशीवर वाफेचा एक ठिपका उमटला.

फरशीने तो लगेच सोडला.