झोपायच्या आधीची वेणी

"हात लावू नगं म्हनलं ना!"

सासूचा, साळुबाईंचा आवाज चढला तशी भागूच्या हातातली फणी तिथेच थांबली. तिच्या पुढ्यात लेक आरोही बसली होती, टायफॉइडनं नुसती काडी झालेली. मंचरच्या दवाखान्यातून कालच तिला अवसरीला घरी आणलं होतं. मानेपाशी, आतल्या बाजूला, केसांचा लिंबाएवढा घट्ट गोळा झाला होता.

"आत्याबाई, गुंता हाय नुसता. तेलानं सुटंल."

"गुंता म्हनती याला! जट हाय ती. देवीनं खूण धाडली. पोरगी उगाच उठली व्हय तापातनं?"

सासूबाईंनी गोळ्याला हळद-कुंकू लावलं. वाकताना त्यांची स्वतःची जट खांद्यावरून पुढे आली. जाड, काळपट, दोरखंडासारखी. लग्नाआधीपासूनची. तिच्या ओझ्यानं त्यांची मान कायम एका अंगाला कललेली असे.

भागूनं फणी खाली ठेवली. आरोही तान्ही असल्यापासून तिचे केस विरळ. "रातीला मोकळं ठेवू नगं, उशीला घासून तुटत्यात. सैल येणी घाल, वाढत्याल," असं माहेरी आईनं सांगितलेलं. तेव्हापासून जेवणं उरकली की कोमट तेलाची वाटी, फणी आणि मांडीशी लेक, हा नेम कधी चुकला नव्हता. दवाखान्यात मात्र हाताला सलाईन, पोर ग्लानीत. तिचं डोकं हलवायला भागू धजली नाही. वेणी राहिली ती राहिलीच.

नारायणगावला टोमॅटो उतरवून नवरा, भरत, घरी आला, तेव्हा तिनं ताट वाढता वाढता विषय काढला.

"आई म्हनती तर ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला. "ताप पुन्ना उलटला म्हंजे?"

"आन शाळंत पोरं चिडवत्याल त्याचं? जन्मभर मान वाकडी करून हिंडायचं का पोरीनं?"

भरतनं भाकरी मोडली. भीती भागूलाही होतीच. ताप उलटला तर सगळं गाव तिच्याकडेच बोट दाखवणार होतं. आणि गावाचं सोडा, ती स्वतः काय म्हणणार होती स्वतःला?

मंगळवारी साळुबाई देवीला गेल्या. भागूनं परसात गोणपाट अंथरलं, गोळ्यावर तेल ओतलं आणि फणी बाजूला ठेवून बोटांनीच एकेक केस सोडवायला घेतला.

"आई, देवी रागवंल?"

"रागावली तर माज्यावर रागवंल. तू मान खाली घाल."

आरोही मुसमुसत होती. तुटलेले केस भागूच्या तळव्याला चिकटत होते. अर्धा गोळा सुटला असेल नसेल, तोच मागच्या दारात पावलं वाजली. पूजेचं ताट हातात घेऊन साळुबाई उभ्या होत्या.

सासूबाई ओरडल्या नाहीत. ताट खाली ठेवून उंबऱ्यावर टेकल्या. सुटलेल्या केसांकडे बघतच राहिल्या.

"माझीबी तापातच आली व्हती," त्या म्हणाल्या. "आय गेलेली. सावत्र आई फणी कशाला फिरवतीया? मंग जट दिसली आन सगळी पाया पडाया लागली. तवापसनं मला कुनी मारलं न्हाई."

भागूचा तेलकट हात आपसूक त्यांच्या जटेकडे गेला.

साळुबाई मागे सरकल्या. "न्हाई गं. माझी ऱ्हाऊ दे. ही गेल्यावर मी कोन ऱ्हायले?"

मग त्यांनी हात धुतले, नातीच्या मागे येऊन बसल्या आणि केस मुळाशी चिमटीत धरले. "हां, वढ आता. दुखायचं न्हाई तिला."

त्या रात्री भागूनं लेकीची सैल वेणी घातली. मानेपाशी केस पातळ झाले होते, टाळूची कातडी दिसत होती. आरोही आजीजवळच झोपली.

भागूचा मात्र डोळा लागेना. उठून तिनं लेकीच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तरी पुन्हा लावून पाहिला.

साळुबाई कुशीवर झोपल्या होत्या. त्यांची जट रोजच्यासारखी उशाशी, घडी केलेल्या फडक्यावर ठेवलेली. आणि मुठीत आरोहीच्या वेणीचा शेंडा, घट्ट धरलेला.

भागूनं तो सोडवला नाही. दोघींच्या अंगावर गोधडी ओढली.