नाव घेत नाही

“एक नाजूक विनंती हाय,” विमलबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. “नाव घेत न्हाई. पण आपल्या मंडळीतली एक नवी सून लिंबागणेशला देवळाच्या पायरीवर बसलेली दिसली. चतुर्थीला. तिच्यासाठी समद्यांनी मनावर भार घेऊन प्रार्थना करावी.”

आमच्या नेकनूरच्या ख्रिस्ती मंडळीत घरं सतरा. त्यात नवी सून एकच, आणि ती माझी. नाव घ्यायची गरज होतीच कुठे?

बुधवारची बायकांची प्रार्थना त्या दिवशी विमलबाईंच्या ओसरीवर होती. नऊ जणी होतो. आमच्यात रीत अशी, की कोणी विनंती सांगितली की बसलेल्यांतली प्रत्येक बाई तिच्यावर आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करते. डोळे सगळ्यांचे मिटलेले. माझे उघडे होते. मी एकेकीचं तोंड बघत होते. एक म्हणाली, प्रभू, तिला मागं फिरू देऊ नको. दुसरी म्हणाली, तिच्या घरच्या मोठ्यांना कडक राहायची बुद्धी दे. तिसरीने तर मोदक खाल्ल्याचंही घातलं, आणि ते विमलबाई बोलल्याच नव्हत्या. म्हणजे माझ्या सुनेवरची प्रार्थना आधीच सोळा घरं फिरून आली होती आणि सतराव्या घरी, माझ्याकडे, सगळ्यांत शेवटी पोचली होती.

माझी पाळी आली. शेजारणीने कोपर मारलं, “सारजाबाई, तुमी.”

“मी घरी करते,” म्हणाले आणि उठले. चहा उकळत होता, तोही घेतला नाही.

बसस्टँडच्या मागे माझी पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून एकवीस वर्षं मीच चालवते. पट्टा तुटला तर मीच बसवते, जात्याच्या दगडाला टाकी मीच लावते. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकले, म्हणून लिहायला बसले की शुद्ध येतं. तोंड मात्र इथलंच आहे, आणि ते तिखट आहे हे मला कोणी सांगायला नको. वाटेने चालताना विमलबाईंना काय काय सुनवायचं, त्याची मी जुळणी करत होते. लई मोठ्या लागून गेल्या. स्वतःची सून सहा सहा महिने माहेरी असते ते कोणाला दिसत नाही.

गिरणीच्या दारात आले आणि चावी हातातच राहिली. कारण ‘नाव घेत न्हाई’ ही रीत विमलबाईंची नव्हतीच. ती मी पाडलेली होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच गल्लीच्या टोकाला छबुबाई राहते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, बोर्डिंगात माझ्या शेजारच्या चटईवर झोपायची. तिची लेक नवऱ्याला सोडून माहेरी येऊन राहिली होती. मी बुधवारी, अगदी अशीच डोळे मिटून म्हणाले होते, “नाव घेत न्हाई, पण एका बहिणीची लेक नांदत न्हाई. तिची चाल सुधरावी म्हून प्रार्थना करा.” छबुबाई माझ्यासमोर बसली होती. आठ जणींनी तिच्या लेकीच्या चालीवर प्रार्थना केली. पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्या रविवारी आली नाही. मग कधीच आली नाही. महिनाभराने कळलं, जावई लेकीला पाइपाने मारायचा. मी छबुबाईकडे जायला हवं होतं. गेले नाही. दोन वर्षं तिचं दळण दुसऱ्या गिरणीवर जातंय हे रोज बघत होते आणि तिलाच अढी आहे असं म्हणत होते. असली मी.

घरी आले तर सून रोहिणी भाकरी थापत होती. मी दारातच विचारलं, “लिंबागणेशला गेलतीस?”

“गेलते, आत्याबाई.”

“कावून?”

तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, मग बोलली. “अण्णा येत्यात तिथं. चतुर्थीला.”

तिचे वडील आश्रुबा. मेंढरं वळणारा माणूस. लेकीने ख्रिस्ती घरात, माझ्या अंगदशी लग्न केलं म्हणून त्याने आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, आणि भावकीच्या धाकाने लेकीला आपल्या दारात येऊ दिलं नाही. पण चतुर्थीला तो गणपतीला जातो, आणि त्या दिवशी ही बसने जाऊन पायरीवर बसते. तो आत जातो तेव्हा ही त्याच्या वहाणा आणि काठी सांभाळते. मग दोघं अर्धा तास बोलतात.

“मोदक खाल्लास म्हणत्यात.”

“खाल्ला. त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून आणलता. बापानं दिलेला कसा फेकू?”

  येत्या रविवारी रोहिणीचा बाप्तिस्मा ठरलेला होता. ही पोर दीड वर्ष दर रविवारी मागच्या रांगेत बसत होती, बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट पुढून निघून जाताना बघत होती. कोणी तिच्यावर जोर केला नव्हता; तिनेच मागितलं होतं.

शनिवारी मोहनराव आले. निवृत्त मास्तर, मंडळीचे मुख्य पंच. खुर्चीवर बसले, रुमाल काढून चष्मा पुसला.

“सारजाबाई, पंचांचं असं म्हणणं पडलं की बाप्तिस्मा सहा महिने पुढं ढकलावा. लोक लई बोलायलेत. ग्रुपवर बी आलंय.”

ग्रुपवर आलेलं मी बघितलं होतं. विमलबाईंचा आवाज, आणि त्याच्याखाली जोडलेल्या हातांची एकोणीस चित्रं.

“लोकांनी तिला इचारलं का?” मी म्हणाले. “ती काय परमुलखात राहती? चार दारं वलांडली की घर हाय.”

“इचारायचं काय त्यात? बघणाऱ्यानं बघितलं की.”

“मास्तर, एखाद्याचं चुकलं तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांगावं, हे आपल्याला प्रभूनंच शिकवलंय ना? तुमीच शिकवलंय रविवारच्या शाळेत, माझ्या अंगदला. मग ही गोष्ट सोळा घरांत आधी आणि तिच्या कानावर शेवटी, हे कुठं बसतं?”

मोहनराव उठले. “तुमचं तोंड नेहमीच असं,” म्हणाले. चहा त्यांनीही घेतला नाही.

रविवारी भागवत पाळक बीडहून पहिल्या बसने आले. महिन्यातून दोनदा उपासना घ्यायला येतात. तरुण आहेत, मऊ बोलतात, पंचांना जरा दबून असतात. प्रभुभोजनाच्या आधी त्यांनी नेहमीचं विचारलं, “कुणाच्या मनात कुणाविषयी काही असल तर आत्ताच मिटवा, मग या मेजाजवळ या.”

हे ते दर वेळी विचारतात. मग सगळे मान खाली घालतात, दहापर्यंत मोजायला लागेल एवढा वेळ जातो, आणि पाळक भाकरीवरचं फडकं काढतात. माझ्या आठवणीत आजवर कोणी उठलेलं नाही. मी उठले.

“माझं हाय.”

पुरुषांच्या बाजूने अंगद पुटपुटला, “आई, बस खाली.” मी बसले नाही.

“दोन वर्सांमागं मी छबुबाईच्या लेकीची बदनामी केली. प्रार्थना म्हून केली. मी आदी तिच्याकडं जाते. मिटलं तर येते, न्हाईतर माझ्या वाटणीची भाकरी ठिवून द्या. आन् विमलबाई, तुमाला तर लांब जायचं बी न्हाई. माझी सून तुमच्या मागच्याच रांगेत बसली हाय.”

मोहनराव म्हणाले, “उपासना चालू हाय, सारजाबाई.”

“म्हून तर म्हणाले,” मी म्हणाले आणि बाहेर पडले.

छबुबाई अंगणात शेंगा फोडत होती. मला बघून तिने सूप बाजूला केलं नाही. मी उभ्यानेच सगळं बोलले. चुकलं म्हणाले, लेकीला बी म्हणीन म्हणाले. रडू आलं तर आवरलंही नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

“गल्ली वलांडायला दोन वर्सं लागली तुला,” ती म्हणाली.

“लागली.”

“आन् हितं येऊन बोलायलीस, माझ्या अंगणात. हितं कोण हाय ऐकाय? शेंगा?” तिने पदर झाडला, पायात चपला सरकवल्या. “जिथं बोललीस तिथं बोल. चल.”

ती पुढे, मी मागे. आम्ही आत शिरलो तेव्हा फडकं अजून भाकरीवरच होतं. पाळकांनी ते काढलं नव्हतं. छबुबाई बसली नाही. मधल्या वाटेत उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग मी सगळ्यांसमोर बोलले. नाव घेऊन बोलले, माझं. कोणत्या बुधवारी, कोणाच्या ओसरीवर, काय शब्द वापरले, सगळं. आणि तिची लेक का आली होती, तेही सांगू का म्हणून तिच्याकडे बघितलं, तर तिने मान हलवली. नको. ते आमच्या कोणाच्या बापाचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

“ऐकलं,” छबुबाई म्हणाली. पाळकांना सलाम केला आणि निघून गेली. थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही. माफ केलं असंही ती म्हणाली नव्हती.

भागवत पाळकांचा चेहरा उतरला होता. ते खाली आले, बायकांच्या मागच्या रांगेशी गेले आणि जे कोणीतरी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते त्यांनी केलं. “रोहिणीबाई, तुमी लिंबागणेशला गेलता का?”

ती उठून उभी राहिली. “गेलते. माझे वडील तिथंच भेटत्यात. मी हात जोडले न्हाईत, पण त्यांच्या वहाणा सांभाळल्या. मोदक खाल्ला. पुढच्या चतुर्थीला बी जाणार हाय. बाप्तिस्मा द्यायचा तर हे धरून द्या. सोडून द्यायचा असल तर मला नगं.”

एवढं लांबलचक बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

विमलबाई समोर भिंतीकडे बघत होत्या. पाळकांनी त्यांच्याकडे बघितलं, वाट बघितली, पुष्कळ वेळ बघितली. त्या हलल्या नाहीत.

“आज भोजन न्हाई,” पाळक शेवटी म्हणाले. “मला बी आज ते घ्यायला तोंड न्हाई. पण बाप्तिस्मा हाय. ज्यांना यायचं त्यांनी विहिरीवर या.”

“पंचांनी ठरवलंय पाळकसाहेब,” मोहनराव म्हणाले.

“मी पाण्यात उतरणार हाय, मास्तर. तुमी वर तक्रार करा.” आणि पंचांकडे न बघताच ते दाराकडे निघाले.

बंकट पाटलांच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर आहे. दर बाप्तिस्म्याला तिथे चाळीस-पन्नास माणसं असतात, पोरं काठावर पाय सोडून बसतात. त्या दिवशी पाळक आणि रोहिणी धरून आम्ही आठ जण होतो. विमलबाई नव्हत्या. बुधवारच्या नऊ जणींतली माझ्याशिवाय एकही नव्हती. मी वारंवार वाटेकडे बघत होते. छबुबाई येईल असं वाटत होतं. आली नाही.

पाण्यात उतरताना रोहिणीने एकदा वर बघितलं, माणसं मोजली असावीत, आणि पुढची पायरी उतरली. पाळकांनी तिला बुडवून वर काढलं. माणूस वर आलं की गाणं लागतं, अशी रीत आहे. पण गाणं सुरू करणाऱ्या साऱ्या बाया घरी होत्या, आणि पेटीवाला मोहनरावांचा पुतण्या. पाळक धापा टाकत होते. अंगद जमिनीकडे बघत होता. केसांतून पाणी गळत रोहिणी पायरीवर उभी होती, आणि कोणी तोंड उघडेना.

मला गाता येत नाही. सूर एकीकडे, मी एकीकडे. तरी मी कोरडं लुगडं हातात धरून सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला माझ्या सोबत कोणी नव्हतं. तिसऱ्यालाही नव्हतं. कडवी पाच होती. मी पाचही म्हटली.