मोहनरावांच्या वतीनं

मोहनरावांनी जन्मात एकही उपवास स्वतःच्या पोटानं धरला नव्हता. एकादशी त्यांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईनं करायची, सोमवार तिनंच धरायचे. शनिवारी मारुतीला अकरा फेऱ्या घालायच्या त्या कारकून मुंजाजीनं. पुण्य सगळं मोहनरावांच्या नावावर. धारूरकडच्या त्यांच्या गावात बायकांची दूध संस्था निघाली तेव्हाही हाच शिरस्ता चालला. अध्यक्ष रुक्मिणीबाई, खुर्चीत मोहनराव. सहीपुरते कागद तेवढे माजघरात जायचे.

दुष्काळ पडला आणि संस्थेनं चारा छावणी घातली. दावणीला होती त्याहून लई जनावरं यादीत होती. तपासणीचा साहेब येणार म्हटल्यावर मोहनरावांची झोप उडाली. ते दोष उकाड्यावर ढकलायचे. संस्थेत दूध घालणारी छबुबाई ऐकून घ्यायची. तिच्या दोन गायी छावणीत होत्या आणि घरी काडीही नव्हती. छावणीतून नाव गेलं की गायी सरळ बाजारात.

छबुबाई कानाला बी लावायची. बचत गटाच्या शिबिरात शिकली होती. मोहरीएवढं काळं बी, वर चिकटपट्टी. कानाच्या वरच्या खळगीत बसवायचं, दिवसातून तीनदा बोटानं हलकं दाबायचं, पाच दिवसांनी काढायचं. यानं रोग जात नाही, जीव थाऱ्यावर येतो, एवढंच ती सांगायची. बायका सांगितलेला नेम पाळायच्या आणि बऱ्याच जणींना बरं वाटायचं.

बुधवारी मोहनरावांनी तिला वाड्यावर बोलावलं. ती डबी उघडून पुढं झाली तसा त्यांनी कान झाकला.

"मला न्हाई लावायचं. चार माणसांत बसावं लागतंय. हिच्या कानाला लाव, माझ्या वतीनं."

छबुबाईला वाटलं, थट्टा हाय. थट्टा नव्हती.

"आण्णा, भूक तुमाला आन् भाकर वैनीनं खाल्ली, तर भागंल का?"

"उपास भागतो की," मोहनराव म्हणाले. "मग हेबी भागंल." सोमवारपर्यंत झोप आली नाही तर तिच्या गायी छावणीबाहेर, हेही त्यांनी त्याच सुरात सांगून टाकलं.

असल्या माणसाला देव तरी कसा ओळखत असेल, असं छबुबाईच्या मनात आलं. देवाला माणूस लागतो, त्याचा मुखत्यार नाही. माजघरात जाऊन तिनं रुक्मिणीबाईच्या दोन्ही कानांना बी लावलं आणि नेम सांगितला: दाबताना डोळे मिटायचे, श्वास सावकाश सोडायचा, तेवढा वेळ कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही.

रुक्मिणीबाई व्रतातली बाई. तिनं नेम अक्षरशः पाळला. वीस वर्षं पहाटे चारला उठून दुसऱ्याचं पुण्य जमवणाऱ्या त्या बाईला दिवसातून तीनदा कुणी हलवेना. शुक्रवारी तिला दुपारची डुलकी लागली. रविवारी दिवेलागणीला जी आडवी झाली, ती झालीच.

सोमवारी छबुबाई बी काढायला आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. मोहनरावांचे डोळे लालभडक. मुंजाजीच्या हातात नवी यादी, तिच्यात छबुबाईचं नाव नाही. अकराच्या आत यादी सहीनिशी तहसिलात गेली तर ती लागू, नाहीतर जुनीच पुढं चालू. छबुबाई उंबऱ्यातच थबकली.

मोहनरावांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा खांदा हलवला. रुक्मिणीबाईनं डोळे किलकिले केले, यादी पाहिली, दारातली छबुबाई पाहिली आणि कूस बदलली.

"तुमच्याच वाट्याची झोपतीय," ती हळू म्हणाली. "सही तेवढी तुमी करा."

मोहनराव पेन हातात घेऊन उभे राहिले. त्यांची सही तहसिलात गोवरीच्याही मोलाची नव्हती, आणि बाईच्या सहीचं वळण तिथं तोंडपाठ होतं. मुंजाजी नुसता घड्याळाकडं बघत राहिला. अकरा वाजले.

दुपारी छबुबाई चाऱ्याच्या रांगेत होती. जुन्या यादीत तिचं नाव होतंच. मोहनरावांनी तिच्याकडं न बघता दोन पेंढ्या टाकायला लावल्या. एक आतून कुजकी निघाली. छबुबाईनं ती तिथंच, त्यांच्या खुर्चीसमोर, उकलून दाखवली आणि तिच्या बदल्यात दुसरी मिळेपर्यंत उभी राहिली.