एका कानाचा बाप

सरदार मनेस निसा शहराबाहेरच्या आमच्या मळ्यावर आला तेव्हा मी द्राक्षाच्या वेली छाटत होतो. घोड्यावरूनच म्हणाला, "राजा गेला. आम्ही सरदारांनी तुझ्या पोराला निवडलंय."

"मला का नाही?" मी मुद्दाम विचारलं.

"तुला डावा कान कुठाय? अंगात उणं असलेला माणूस गादीवर चालत नाही. ठाऊक आहे तुला."

ठाऊक होतं. मी राजाच्या रक्ताचा. सहा वर्षांचा असताना बापानेच माझा कान कापला, म्हणून पन्नाशी पाहिली. माझे तिघे चुलतभाऊ धडधाकट होते. एकामागून एक राजे झाले आणि भाऊबंदांच्या हातून मेले. पहिल्या अर्शकाने राज्य मिळवलं, तेव्हापासून गादीवर बसतो तो आपलं नाव टाकून अर्शकच होतो. नाण्यावरही तेवढंच नाव. माझ्या भावांची नावं आता मीच तेवढी आठवतो.

स्पंदात जन्मला तेव्हा मीही सुरीला धार लावली होती. माझ्या बायकोने, रोदगुनने, पोराला छातीशी घट्ट धरलं. "याला सुरी लावायची नाही. शब्द द्या." मी दिला. या वसंतात ती गेली.

मनेस आपल्या स्वारांसोबत अंगणात दारू पीत बसला. मी स्पंदातला आत नेऊन सुरी काढली.

तो कसाबसा हसला. "दोन कान असून तुमचं कधी ऐकलं नाही, बाबा. एकाने काय ऐकणार?" मग टोपी काढून खाली बसला. "कापा. मला मरायचं नाही."

मी त्याचे केस बाजूला केले. कान रोदगुनचा होता. पाळी तशीच, गालाला चिकटलेली. माझा हात तिथेच थांबला.

"बाबा, लवकर."

तेवढ्यात मनेस दारात आला. त्याने सुरी माझ्या हातातून सहज काढून घेतली, जशी पोराच्या हातातून घ्यावी. "म्हाताऱ्या, हा आता राजाचा कान आहे."

त्यांनी त्याला घोड्यावर बसवलं. मी हाक मारली, "स्पंदात."

"ते नाव आता घ्यायचं नाही," मनेस म्हणाला. स्पंदात माझ्याकडे बघत राहिला. घोडे वळले.

मी रोदगुनच्या थडग्यापाशी जाऊन बसलो. शब्द पाळला, एवढंच तिला सांगितलं. पुढचं सांगता येईना.