पेटी परत आली होती

बेबीच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी बजावलं की आठवडाभर मान खालीच ठेवायची. बसताना खाली, चालताना खाली, आणि झोपायचं तेही पालथं. पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभं राहून जन्मभर पोरांवर आवाज टाकणारी, कुणाचं ऐकून न घेणारी बाई. तिच्यावर ही वेळ आली. एकटीच राहत असल्यामुळे ती भावाकडे आली. पन्नाशी उलटली तरी नातेवाइकांत तिला बेबी हेच नाव होतं.

तिची वहिनी घरीच पडदे शिवायची. खिडकीपाशी मशीन, कोपऱ्यात कापडाचे तागे, आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही. बेबीसाठी तिने टेबलाच्या कडेला उशी बांधली, म्हणजे कपाळ टेकवून बसता येईल.

"वहिनी, पडदे शिवायचे तुम्ही आणि फाटायचा तो माझाच," बेबी उशीत तोंड खुपसून म्हणाली.

वहिनी हसली, पण जरा जपूनच. दोघींचं वाकडं काही नव्हतं, आणि सूतही कधी जुळलेलं नव्हतं. लग्नकार्यात भेटायचं, तब्येती विचारायच्या, झालं. आता दिवसभर एका खोलीत काय बोलायचं, हा वहिनीला प्रश्नच होता.

दुसऱ्या दिवशी बेबीनेच तो सोडवला. "दीपयानचे जुने भाग आता मोबाइलवर मिळतात म्हणे. टीव्हीवर लावता येतील का? मला नुसतं ऐकू द्या."

'दीपयान' वहिनीला नावाने माहीत होतं. अवकाशातले विझलेले दिवे पेटवत फिरणारं यान, त्यावरची माणसं, आणि त्यांच्यासोबत पेटी नावाचं एक बोलणारं यंत्र. मालिका अजून चालू होती; नट बदलले, यान चकचकीत झालं, पण बेबीच्या मते मजा गेली ती गेलीच. वहिनीने कधी एक भागही पाहिला नव्हता. तिने पहिला भाग लावला आणि शिवण पुढे ओढली.

सुरुवातीचं संगीत वाजलं तशी बेबीची पाठ ताठ झाली. मान तेवढी खाली राहिली. "आता दार उघडेल. उघडलं? आता मिस्त्री शिडीवरून उतरेल, त्याच्या हातात पान्हा असेल."

"पान्हा आहे," वहिनी म्हणाली. "शिडी हलतेय. कुणीतरी खालून धरलीय, बोटं दिसतात."

"आणि राणीचा झगा पाहा पुढे. काय झगा होता तो."

राणी आली. वहिनीने मशीन थांबवलं. "बेबीताई, हा पडदा आहे. वरची चुण्यांची पट्टी तशीच आहे, हुकसुद्धा काढलेले नाहीत."

उशीतून काही वेळ नुसता खिदळण्याचा आवाज आला. वहिनीला वाटलं, टाके उसवतात की काय.

मग रोज दुपारी तेच. बेबी डोळे मिटून सांगायची, वहिनी पाहून पडताळायची. बर्फाच्या ग्रहाचा भाग लागला तेव्हा बेबीने विचारलं, "बर्फ निळा दिसतोय ना?"

"सगळं काळंपांढरं आहे हो."

"असेल. आमचा टीव्हीही काळापांढराच होता." तिने कपाळाखालची उशी सारखी केली. "पण बर्फ निळा होता."

त्या भागात पेटी एकटीच वादळात जाते, दिवा पेटवते आणि बंद पडते. मिस्त्री तिला हाका मारत राहतो. "रडू नका वहिनी," बेबी म्हणाली. "आत्ता बर्फातली माणसं येतील. पेटीला खांद्यावर घेऊन गाणं म्हणत आणतात. आली का?"

पडद्यावर नावं सरकत होती. वहिनी थोडी अडखळली, पण खोटं बोलणं तिला जमायचं नाही. "नाही आली. संपला भाग."

"कापलाय मेल्यांनी."

पुढच्या भागात, बेबीच्या म्हणण्याप्रमाणे, राणी शेवटी यानावर स्वयंपाकीण म्हणून नोकरीला लागायला हवी होती. ती तुरुंगात गेली. त्याच्या पुढच्या भागात चोरलेला चंद्र सापडायला हवा होता. तो सापडलाच नाही. अर्ध्यापर्यंत बेबीचा शब्दन् शब्द बरोबर, आणि नंतर सगळंच भलतं. वहिनी हातातली शिवण ठेवून तिच्याजवळ येऊन बसली.

"बेबीताई, लहानपणी हे भाग शेवटपर्यंत पाहायचीस का तू?"

'तू' कधी आलं ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"शेवटपर्यंत कुठलं? आई मध्येच उचलून झोपायला न्यायची. दादा मोठा, त्याला परवानगी. तो सांगायचा सकाळी, शाळेत जाताना." बोलता बोलता तिने उशी घट्ट धरली. मग हळूच म्हणाली, "अगं बाई."

वहिनीला खरं नवल वाटलं ते नवऱ्याचं. लिफ्ट दुरुस्त करणारा, कामाचा पक्का, पण तोंडातून शब्द काढायला जड. 'बघू' आणि 'ठीक आहे' यांवर त्याने सगळा संसार केला होता. चंद्र चोरीला जाऊन सापडतो, तो कसा, हे या माणसाने रचलं?

संध्याकाळी तो आला, हत्यारांची पिशवी दाराशी ठेवली, हात धुतले. चहा पुढे करून वहिनीने विचारलं, "बर्फातली माणसं कुठून आणली होती तुम्ही?"

त्याने कप घेतला. बहिणीच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं. "आधी खरंच सांगितलं होतं," तो म्हणाला. "पेटी गेली म्हणून. तर ही शाळेच्या फाटकापर्यंत भोकाड पसरून. बाई मला ओरडल्या. मग म्हटलं, थांब, मी शेवट विसरलो होतो, आता आठवला."

"आणि बाकीचे?" बेबीने विचारलं.

"सवय लागली." त्याने कप खाली ठेवला. "आणि पेटी मेलेली मलाही आवडलं नव्हतं."

वहिनीने आयुष्यात त्याचं इतकं लांब बोलणं ऐकलं नव्हतं. ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, तसा तो उठून पिशवीतले पान्हे पुसायला बसला. पण कान लाल झालेले तिला दिसले.

आठवड्याने डॉक्टरांनी तपासलं. पडदा छान चिकटला होता, मान वर करायला हरकत नाही म्हणाले. बेबीने घरी परत जायचं नावही काढलं नाही, आणि वहिनीनेही विचारलं नाही. बेबीने बर्फाचा भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, अगदी नावं संपेपर्यंत.

"दादाचा शेवट चांगला होता," ती म्हणाली.

"चांगलाच," वहिनी म्हणाली. "पण त्या दिग्दर्शकाला पगार होता, यांना नव्हता."

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी नवा भाग लावला, म्हणजे बेबीने कधीच न पाहिलेला. यान एका धुळीच्या ढगात अडकलं, मिस्त्री इंजिनात उतरला, आणि तेवढ्यात वहिनीने भाग थांबवला. नवरा आतल्या खोलीत पंखा खोलून बसला होता.

"अहो, बाहेर या जरा. पुढे काय होतं?"

"मला काय माहीत? हा मी पाहिलेला नाही."

"मग तर बरंच," बेबी म्हणाली आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

तो दारात उभा राहिला, पंख्याचं पातं हातातच. पडद्यावर थिजलेल्या धुळीकडे त्याने थोडा वेळ पाहिलं. "ती धूळ नाहीये," तो म्हणाला. वहिनीने सरकून त्याला जागा करून दिली.