दुपारी पाहिलेली घरं

पितळेचं लहानसं कुलूप, आणि त्याची एक कड बोटं लागून लागून उजळलेली... रोज उघडल्याशिवाय कुलूप असं उजळत नाही, हे आपल्याला इतके दिवस दिसलं कसं नाही, असं निशिगंधाला वाटलं. मांडीवरच्या अहवालाच्या मुखपृष्ठावरचा तो फोटो तिनंच काढला होता — जयपूरच्या पार टोकाला, सरकारी अनुदानातून उभ्या राहिलेल्या घरांच्या वस्तीत, गेल्या मार्चमध्ये, ऐन दुपारी. विद्यार्थ्यांना घेऊन ती गल्लीगल्ली फिरली होती, कुलपं मोजत. शंभरातली एकसष्ट घरं बंद. अहवालात तिनं शब्द लिहिला होता : रिकामी.

आता या जाहीर चर्चेत व्यासपीठावर एक आमदार तो एकसष्टचा आकडा पुन्हा पुन्हा उच्चारत होते. लोक राहतच नसतील तर पुढच्या टप्प्याला सरकारनं निधी का द्यावा? विरोधातले म्हणत होते, बस द्या, दवाखाना द्या, मग विचारा. टाळ्या कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं. यानंतर तिची पाळी होती, विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेची.

सकाळी डबा भरता भरता शमिकानं विचारलं होतं, "आई, मतलब तू घरं नको म्हणणार?"

"नको नाही गं. जिथे कुणी राहतच नाही, तिथे नको."

किती सरळ, किती स्वच्छ वाटलं होतं ते उत्तर, मालवीय नगरातल्या आपल्या ओट्यापाशी उभं राहून...

आणि मघाशी, चहाच्या सुटीत, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं अहवालावर बोट ठेवलं. गुलाबदेवी तिचं नाव. वस्तीच्या वतीनं आलेली, वैशाली नगरात चार घरी पोळ्या करणारी.

"यो तो म्हारो ही दरवाजो छै," ती म्हणाली, मग हिंदीत, "मैडमजी, आप आई थीं? चाय तो पीकर जातीं."

"घर बंद था."

"तो और क्या होता. साढ़े पाँच की बस छूट जाए तो सेठानी की रोटी कौन बेले? आदमी बेलदारी पे, ईंट-गारा ढोने, बच्चे स्कूल. दोपहर में हमारे यहाँ कुत्ते रहते हैं, बस." ती हसली. "चोर भी पहले पूछ लेता है, कब कौन घर पे है."

टोमणा तर होताच, पण त्यात राग नव्हता. मग तिचं बोट खाली, उंबऱ्यापाशी सरकलं. गेरूवर पांढऱ्या खडूची वेल, सोळा पाकळ्यांचं फूल, गौरीच्या सणाची रांगोळी. "गणगौर का मांडणा. उसी सुबह का."

म्हणजे पाचच्याही आधी. अंधारात उंबरा सारवला, अंधारातच वेल काढली, बोटं धुतली, कुलूप लावलं, बस धरली... आणि मी? मी तो मांडणा पाहिला होता, फोटो सुंदर येईल म्हणून मुखपृष्ठासाठी निवडलाही होता, आणि त्याच फोटोखाली रिकामं घर असं लिहिलं होतं. दिवसभर ज्याकडे कुणी पाहणार नाही त्या दाराला सजवून निघणारी ही बाई — तिच्यापुढे आपण कोण? एवढं जपून जगणं माझ्या कुठल्या तक्त्यात मावलं असतं?

गुलाबदेवीची नणंद शहरातल्या सोडाला भागात भाड्याच्या खोलीत, पुढच्या टप्प्याच्या यादीत. हे तिनं सांगितलं, पण त्याला जोडून काही मागितलं नाही. आकडा मागे घ्यायचा तर तो अहवाल, विभागात त्यावर मिळालेलं नाव, सगळंच हलणार. नाही घेतला तर ती यादी तिथेच थांबणार. आणि खरं काय? संध्याकाळी गेलं तर किती घरांत दिवा असेल? सगळ्यांत? निम्म्यांत? त्या एकसष्टांत खरोखरच रिकामीही असतील काही...

"अब निशिगंधाजी बताएँगी," आमदार तिच्याकडे पाहून हसले, आपल्या माणसाकडे पाहावं तसे.

ती उठली. गुलाबदेवीनं पाय आवरून वाट दिली. "आराम से बोलना, बहनजी," ती पुटपुटली. काय बोल, ते नाही सांगितलं.

माइक आधीच्या वक्त्याच्या उंचीवर होता. तो खाली ओढताना निशिगंधाला जाणवलं, किती घरं खरंच रिकामी, हे आपल्याला माहीत नाही. 'माहीत नाही', वीस वर्षं हे दोन शब्द तिनं वर्गातही कधी उच्चारले नव्हते, त्यांची तिला लाज वाटायची... आणि आत्ता, एवढ्या माणसांसमोर, ते भुकेसारखे पोटातून वर येत होते.