वाळूत सुकवलेला गुच्छ

दादांचा फोटो त्या पेटीत पाहिला, तेव्हा मी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

वडील जाऊन बारावा दिवस होता. सकाळीच मी मृत्यूच्या दाखल्यासाठी नगरपालिकेत गेले होते. कारकुनाने दोन तास बसवून ठेवलं आणि उद्या या म्हणाला. घरी आले तर बाहेरच्या खोलीत ट्रंकेवर पांढरी चादर अंथरून दादांचा फोटो मांडलेला. फोटोपुढे काच, भोवती सागवानी पेटी, वर झेंडूचा ताजा हार. फोटो उद्याच्या तेराव्यासाठी मोठा करून आणला होता, ते मला माहीत होतं. पेटी मात्र आईची होती. तिच्यात आईच्या लग्नातला गुच्छ असायचा.

दादा ओतशाळेत, म्हणजे फाउंड्रीत काम करायचे. चिंचवडला आम्ही पासष्ट साली आलो, पण त्याआधी पुण्यातही ते एका लहान ओतशाळेतच होते. सत्तावन्न साली लग्न झालं. स्वागतसमारंभात आईच्या हातात गुलाब, शेवंती आणि निशिगंधाचा गुच्छ होता. तो दुसऱ्या दिवशी टाकून द्यायला दादांचा जीव होईना. साच्यासाठी लागणारी बारीक वाळू त्यांनी कामावरून आणली, चाळली, तव्यावर भाजली, गार केली. पत्र्याच्या डब्यात फुलं उभी ठेवून एकेका पाकळीच्या आत-बाहेर चमच्याने वाळू सोडली. तीन आठवडे डबा कुणाला हलवू दिला नाही. कामावरचे मारुतराव विचारायचे, "काय राव, बायकोच्या फुलांचं कास्टिंग कुठवर आलं?" दादा म्हणायचे, अजून साचा गरम आहे.

निशिगंध काळा पडून गेला. गुलाब मात्र टिकले. रंग जवळजवळ काळा झाला, पण पाकळीला पाकळी जशीच्या तशी. चार बोटं खोल पेटी दादांनी स्वतः केली आणि कडा लाखेने बंद केल्या. दमट हवा आत गेली तर फुलं एका दिवसात मऊ पडतील, असं ते सांगत. चोवीस वर्षांत ती लाख कुणी उचकटली नव्हती.

मी विचारलं, पेटी कुणी उघडली. सुमनआत्या, दादांची थोरली बहीण, उद्याच्या पंगतीची पानं पुसत बसली होती. गुरुदत्तने उघडली, म्हणाली. गुरुदत्त तिचा मुलगा. इंजिनियर आहे. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने अगदी बेताने लाख काढली, काचेला चरासुद्धा पडला नाही, हे तिने कौतुकाने सांगितलं. नवी फ्रेम कशाला आणायची? सदाच्या हातची सदालाच शोभते. हे बोलताना तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला.

"आणि फुलं?"

"ती निर्माल्यात घातली. माझ्याबरोबर देहूला नेईन, इंद्रायणीत सोडीन. लग्नातला गुच्छ आता पद्माने घरात ठेवायचा असतो का, मृदुला? एवढं शिकलीस, शाळेत शिकवतेस, हे तुला कळत नाही?"

असं कुठे सांगितलंय, असं मी विचारलं. वाचलेलं सगळं तोंडाशी आलं होतं आणि त्यातलं काहीही त्या खोलीत उपयोगाचं नव्हतं. आत्या म्हणाली, सगळं पुस्तकात नसतं. गुरुदत्त म्हणाला, जाऊ दे गं, वाळलेली फुलं तर होती.

निर्माल्याची पिशवी मोरीजवळ खिळ्याला टांगली होती. मी ती खाली ओतली. बारा दिवसांचे हार, तुळस, ओला झेंडू. चोवीस वर्षं कोरडी राहिलेली फुलं दोन तासांत सगळं पाणी पिऊन बसली होती. हाताला लागला तो काळपट लगदा. एक गुलाब अर्धा शाबूत वाटला म्हणून उचलला, तर तोही चिमटीत विरघळला. फरशीवर थोडी वाळू उरली.

मी तशीच आतल्या खोलीत गेले. आई भिंतीला टेकून बसली होती. दहाव्या दिवसापासून ती बाहेरच्या खोलीत आलेली नव्हती. कपाळ मोकळं, हात मोकळे. मी तिला म्हटलं, तुला न विचारता यांनी पेटी फोडली.

"विचारलं होतं," आई म्हणाली. "मीच दिली."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. बारा दिवसांत मी कुणावरही ओरडले नव्हते. मी फक्त विचारलं, का?

ती आपल्या मनगटांकडे बघत होती.

"आधी बांगड्या मागितल्या. मग मंगळसूत्र. मग जोडवी. हिरवी लुगडीसुद्धा सुमनताईंनी वेगळी काढली. पेटी मागेपर्यंत मला द्यायची सवय झाली होती."

मी बाहेर आले. हार काढून चादरीवर ठेवला. गुरुदत्तने मागून ठोकलेल्या चुका पक्कडीने एकेक उपटल्या. आत्या विचारत होती, हे काय चालवलंयस, उद्या माणसं येणार आहेत. मी फोटो काढून तिच्या हातात दिला.

"हा भिंतीला टेकव. नाहीतर नवी फ्रेम आण. ही पेटी दादांनी स्वतःसाठी केली नव्हती."

"आणि रिकामी पेटी मांडून ठेवणार? लोक काय म्हणतील?"

"विचारतील. मी सांगेन."

हिचं डोकं पुस्तकांनी फिरलंय, असं आत्या गुरुदत्तला म्हणाली. दुपारी पिंपरीला जाऊन त्याने साधी काळी फ्रेम आणली. तेराव्याला दादा त्या फ्रेममध्ये होते आणि शेजारी रिकामी पेटी होती. जेवायला बसलेल्या माणसांपैकी मारुतराव तेवढे हात धुऊन तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

पेटी अजून ट्रंकेवर आहे. खालच्या फटीत वाळूचे कण अडकलेत, ते मी पुसत नाही. आत काही ठेवतही नाही. आत्या वर्षातून दोनदा येते. दर वेळी तिची नजर तिकडे जाते आणि दर वेळी ती विचारते की हे मोकळं खोकं कशाला जपून ठेवलंयस, यात आहे तरी काय.

"आईचा गुच्छ," मी सांगते. आईच्या समोर सांगते, आणि आत्या मान खाली घालेपर्यंत तिच्याकडे बघत राहते.